वचनाशेजारी निकषही छापा : जाहीरनामा समित्यांना एका गटसचिवाचं खुलं पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य

विषय : कर्जमाफीच्या वचनासोबत निकष, तारीख आणि रक्कम छापण्याबाबत

स.न.वि.वि.

हे पत्र तुमच्या नेत्यांना नाही. नेत्याला सभेत बोलायचं असतं, समोर गर्दी असते, शिट्ट्या पडत असतात, चार शब्द जास्तीचे जातात. तुम्ही मात्र बंद खोलीत बसून, चहा घेत, मसुदा चारदा वाचून जाहीरनामा लिहिता. त्यामुळे ओघात बोलून गेलो, ही सबब तुम्हाला नाही.

मी विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचा, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या संस्थेचा, गटसचिव होतो. निवृत्त झालो, तरी मार्च उजाडला की नवा सचिव फोन करतो आणि मी जाऊन बसतो. गटसचिवाला गावात कुणी मोठा अधिकारी समजत नाही, जिल्हा बँकेत तर खुर्चीही मिळत नाही. पण तुमचं वचन गावात उतरतं तेव्हा त्याची पहिली नोंद आमच्या वसुलीच्या रजिस्टरमध्ये होते. सगळ्या रंगांची वचनं मी त्या रजिस्टरमध्ये पाहिली आहेत.

पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर विश्वास ठेवावा का, ही चर्चा टीव्हीवर चालते. गावात ती चालत नाही. गावात दोनच शब्दांचा प्रश्न असतो: भरू की थांबू?

तो कसा पडतो ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सोसायटीचा मार्च पाहिलेला नसावा. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. एक दिवस चुकला की सवलत गेली, वर्षभराचं व्याज अंगावर आलं, खातं थकीत झालं आणि खरिपाला नवं कर्ज बंद. आता मार्चमध्ये शेतकऱ्याकडे रोकड असते का? कापूस-सोयाबीनचे पैसे केव्हाच दुकानदाराच्या उधारीत गेलेले असतात. तुरीचे लग्नात जातात. मग घरातलं गंठण सोनाराकडे ठेवायचं, नाहीतर ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आठ-पंधरा दिवसांसाठी टक्क्याने उचलायचे. सोसायटीत भरायचे, पावती घ्यायची आणि एप्रिलमध्ये नवं कर्ज हातात पडलं की उसनवारी फेडायची. आम्ही याला नवं-जुनं करणं म्हणतो. कागदावर वसुली झकास दिसते, पण प्रत्येक पावतीमागे कुणाचं तरी डोरलं गहाण असतं.

अशा माणसाच्या कानावर कर्जमाफी हा शब्द पडला की तो काय करेल? थांबेल. मी असतो तरी थांबलो असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हा शब्द दोन्ही बाजूंनी पडला. महायुतीने कोल्हापूरच्या सभेत जी दहा वचनं दिली त्यात कर्जमाफी होती. महाविकास आघाडीने तीन लाखांपर्यंतची माफी आणि नियमित भरणाऱ्याला ५० हजार सांगितले. म्हणजे २३ तारखेला निकाल कुणाच्याही बाजूने लागो, माफी येणारच असा हिशेब गावाने केला. चुकीचा होता का? दोन्ही बाजूंच्या छापील कागदावर होतं ते.

डिसेंबरपासून आमच्याकडे कुणी फिरकेना. मी पारावर एकाला गाठलं, चांगला नियमित भरणारा माणूस. म्हणाला, "भरतो की आण्णा. पण मी आज भरलं आन् उद्या माफी आली, तर माझे भरलेले परत देणार का तुम्ही? तसं लिहून द्या, आत्ता भरतो." मी काय लिहून देणार? ते तुम्ही लिहून द्यायला पाहिजे होतं.

मार्चच्या अर्थसंकल्पात कर्जमाफी नव्हती. तरी लोक थांबले, अधिवेशन चालू आहे, काही तरी होईल म्हणून. मग २८ मार्च २०२५ ला, शुक्रवारी, त्या वेळी अर्थखातं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी सांगून टाकलं की माफीची सध्या परिस्थिती नाही, ३१ तारखेच्या आत पीककर्जाचे पैसे भरा. खरं बोलले ते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मध्ये रविवारी गुढीपाडवा आणि सोमवारी रमजान ईद. चार महिने हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाने शुक्रवारच्या बातमीवर लाख-दीड लाख कुठून आणायचे? ज्याला जमलं त्याने सोनं मोडलं. बाकीचे थकबाकीदार झाले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये बच्चू कडू कर्जमाफीसाठी मोझरीला उपोषणाला बसले, ऑक्टोबरअखेर नागपुरात ट्रॅक्टर घेऊन गेले, तेव्हा कुठे सरकारने समिती आणि तारीख जाहीर केली: ३० जून २०२६ पर्यंत निर्णय. कॅलेंडर काढून बघा. जूनची ३० तारीख मार्चच्या ३१ तारखेनंतर येते. म्हणजे आणखी एक मार्च अधांतरी. (मधल्या अतिवृष्टीनंतर वसुलीला स्थगिती दिली गेली. ती गरजेचीच होती, पण तो वेगळा विषय.)

आता तुम्ही म्हणाल, याआधी आम्ही कर्जमाफी दिलीच की. दिलीत, नाही कोण म्हणतं! मी याद्या लावल्यात. म्हणूनच सांगतो, वचन आणि योजना यांच्या मध्ये जे असतं ते तुम्ही कधी छापत नाही. २००८ ची केंद्राची माफी घ्या. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतीला पाच एकर म्हणजे बरंच काही, पण विदर्भातला कोरडवाहूवाला आठ एकर असून कंगाल. ज्याच्या आत्महत्यांच्या बातम्यांवरून सगळा गलबला झाला, तोच निकषातून बाहेर. २०१७ ला पुणतांब्याचा शेतकरी संप झाला, ३४ हजार २२ कोटींची माफी, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ असं जाहीर झालं. टाळ्या झाल्या. मग शासन निर्णय आला. दीड लाखाची मर्यादा, ती माणसागणिक नाही, कुटुंबागणिक. थकबाकी ३० जून २०१६ ची. दीड लाखाच्या वरचं असेल तर वरचं आधी तुम्ही भरा, मग आम्ही दीड लाख देतो. नियमित भरणाऱ्याला २५ टक्के, फार तर २५ हजार. नवरा-बायकोने केंद्रावर जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा, अंगठा उमटला नाही तर उद्या या. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली आणि नंतर याद्यांचा असा घोळ झाला की आम्ही रात्री-रात्री बँकेत बसून रकाने जुळवत होतो. प्रमाणपत्र घेऊन सत्कार झालेला माणूस आणि खात्यावर शून्य जमा, हे मी पाहिलेलं आहे.

२०१९ च्या डिसेंबरची महात्मा फुले योजना त्या मानाने सरळ राबवली गेली. शेतकऱ्याला अर्ज नाही, आधार दाखवलं की झालं. कोण कुठल्या पक्षाचा हे बाजूला ठेवून, कामाला काम म्हणायला पाहिजे. पण सभांमधून सातबारा कोरा करण्याचा शब्द दिला गेला होता, आणि योजनेत बसला फक्त तो, ज्याची थकबाकी दोन लाखांच्या आत होती. दोन लाख पाच हजारवाल्याला दोन लाख मिळाले नाहीत, काहीच मिळालं नाही. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं. ते सरकार जाऊन दुसरं आलं, तेव्हा ऑक्टोबर २०२२ ला खात्यावर पडलं. इतक्या अवधीत आमच्याकडचे काही खातेदार वारले. वारसांनी कागद गोळा केले.

म्हणून तुम्ही खोटं बोलता, असा आरोप मी करत नाही. तो फार सोपा आरोप आहे आणि निम्मा चूक आहे. तुम्ही अर्धंच छापता. उरलेलं अर्धं निकालानंतर शासन निर्णयात येतं, आणि माणूस पात्र की अपात्र हे त्या अर्ध्यात ठरतं.

ही सवय कर्जमाफीपुरतीच नाही, म्हणून दोन-चार गोष्टी उडत उडत. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीने मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं आणि पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर, असं सांगितलं होतं. घरांची योजना अजून चालू आहे, भावांचं तुम्हीच सांगा. २०२४ च्या दहा वचनांत जीवनावश्यक वस्तूंचे भाव स्थिर ठेवण्याचं वचन पुन्हा आहेच. २००४ ला निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपाला मोफत वीज आली, निवडणूक झाली आणि २००५ ला गेली. २०१४ ला बारामतीत धनगर समाजाला सांगितलं गेलं, पहिल्याच कॅबिनेटमध्ये आरक्षण. ते शेवटी कोर्टात जाऊन फेटाळलं गेलं. त्याच निवडणुकीत टोलमुक्त महाराष्ट्र होता. २०१५ ला १२ नाके बंद झाले, ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट मिळाली आणि मुंबईच्या पाच वेशींवरचा हलक्या वाहनांचा टोल गेला तो थेट ऑक्टोबर २०२४ ला, आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवशी. निम्मं वचन पाळलं हे मान्य. पण मुहूर्त बघा.

लाडक्या बहिणीचं गणित मात्र जरा थांबून करायला हवं, कारण ते कुणालाही करता येतं. पंधराशेचे एकवीसशे करू, हे वचन. मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. त्याच वर्षी पात्र म्हणून सांगितलेल्या बहिणी सव्वादोन कोटी. सगळ्यांना महिना पंधराशे धरले तर वर्षाचे ४० हजार ५०० कोटी होतात. म्हणजे जुन्याच रकमेला तरतूद तोकडी. वरच्या सहाशेसाठी आणखी १६ हजार २०० कोटी लागतील. आणि ज्या अर्थसंकल्पातून हे द्यायचं त्यात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, राज्याच्या डोक्यावर कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. विरोधकांनी खुश होऊ नये. तुमचे महिना तीन हजार होते. सव्वादोन कोटींना गुणा, ८१ हजार कोटी होतात. काँग्रेसच्या खर्गेसाहेबांनी ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीला बंगळुरूत स्वपक्षीयांना बजेट बघून गॅरंट्या द्या असं सुनावलं होतं. आठवड्याभरात मुंबईत तुमच्या पाच गॅरंट्या आल्या.

या योजनेचं खातं तेव्हा सांभाळणाऱ्या आदितीताई तटकरे यांनी मार्च २०२५ च्या अधिवेशनात सांगितलं की जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो. मुद्दा बरोबर आहे. फक्त तो प्रचाराच्या फलकावर एकवीसशेच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात असता, तर बायकांनी डिसेंबरपासून बँकेत पासबुक भरून घ्यायला रांग लावली नसती. नंतर तपासणी झाली, २६ लाखांवर नावं थांबवली गेली, १४ हजारांहून जास्त पुरुष लाभ घेताना सापडले. हे निकष मतदानाआधी कुणी लावायचे होते?

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण सहकार कायदा वापरत आयुष्य गेलं, त्यामुळे वाचायची सवय आहे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की जाहीरनाम्यातली वचनं ही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. पण निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. त्यातून २०१४ पासून आचारसंहितेत जाहीरनाम्यावर वेगळं प्रकरण आहे. वचनामागचं कारण सांगा, पैसा कुठून आणणार ते ढोबळमानाने सांगा, जी पुरी करता येतील अशाच वचनांवर मतं मागा. तुमच्यापैकी किती जणांनी ते पाळलं? निधीची तजवीज म्हणून जाहीरनाम्यात एक पान दिलेलं मला तरी आढळलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पुढचं पाऊल टाकलं, एक नमुनाच पाठवला: लाभार्थी किती, खर्च किती, कर वाढवणार की खर्च कापणार की कर्ज काढणार. बऱ्याच पक्षांनी हे आयोगाचं काम नाही म्हणून नाक मुरडलं.

खरं सांगायचं तर कोर्टाने किंवा आयोगाने वचनांवर कात्री चालवावी, असं मलाही वाटत नाही. शेतकऱ्याला माफी द्यायची की नाही, बाईच्या खात्यावर पैसे टाकायचे की नाही, हे मतदाराने ठरवावं. रेवडी म्हणून हिणवणारेही सत्ता आली की रेवडीचंच ताट पुढे करतात, हे देशभर दिसलंच. मला फक्त कागद पुरा हवा आहे.

आमच्याकडे शेतकरी ५० हजारांचं कर्ज मागायला येतो तेव्हा आम्ही काय काय मागतो, माहीत आहे? सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकी दाखले, आधार, फोटो, दोन जामीनदार आणि पीक कुठलं, किती गुंठ्यात ते. कुणाला किती कर्ज देता येईल याच्या यादीत, म्हणजे कर्जमर्यादा पत्रकात, नाव बसलं तरच पुढे सरकतं. तुम्ही पाच वर्षांसाठी अख्खं राज्य मागता आणि आम्हाला देता काय, गुळगुळीत कागदावरचा फोटो. एवढ्यावर मी म्हशीसाठीसुद्धा कर्ज मंजूर केलं नसतं. आणि सहकार कायद्यातलं कलम ७३ सीए तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल, कारण सोसायट्या आणि बँका तुमच्याच हातात असतात. थकबाकीदार समितीवर निवडून येऊ शकत नाही, आलेला असेल तर त्याचं पद जातं. आमच्या गावात ११ हजारांच्या थकबाकीवरून एकाचा अर्ज उडाला होता. तुमच्या थकलेल्या वचनांना असं कलम लागलं तर छाननीच्या दिवशी किती अर्ज उरतील, तुम्हीच मोजा.

असो. मागणी साधी आहे. पुढच्या मसुद्यात कर्जमाफीचं कलम लिहाल तेव्हा त्याच परिच्छेदात लिहा: कोणत्या तारखेची थकबाकी, किती रुपयांपर्यंत, माणशी की कुटुंबाला, मर्यादेच्या वर असणाऱ्याचं काय, आणि पैसा कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पातून. याहून महत्त्वाचं एक वाक्य माझ्याकडून घ्या. थकबाकी आणि चालू बाकी जाहीरनाम्याच्या आधीच्या ठरावीक तारखेची धरली जाईल, आणि त्या तारखेनंतर ज्याने भरलं त्याला तेवढीच रक्कम परत मिळेल. बस. हे एक वाक्य छापलं की पारावरच्या माणसाला त्याचं उत्तर मिळतं. तो नवं-जुनं करेल, त्याची शून्य टक्क्याची सवलत शाबूत राहील, सोसायटीची वसुली बुडणार नाही. तुम्ही माफी दिलीत तर त्याचा फायदा, नाही दिलीत तरी त्याचं वाटोळं होणार नाही.

यावर तुमचा कुणीतरी सनदी लेखापाल म्हणेल की यात खर्च वाढतो. वाढतोच. भरणाऱ्यालाही द्यायचं म्हटलं की आकडा फुगणार. मग तो आकडा मांडा आणि झेपत नसेल तर वचनच देऊ नका, किंवा एक लाखाचं द्या. एक लाखाच्या खात्रीच्या माफीवर शेतकरी बी-बियाण्याचं नियोजन करू शकतो. तीन लाखांच्या 'बघू' वर करता येत नाही.

आणि विरोधात असताना तिजोरीची माहिती नसते, हे कारण सांगू नका. अर्थसंकल्पाची पुस्तकं छापील मिळतात, कॅगचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, पीककर्जाची जिल्हावार थकबाकी बँकर्स समितीच्या बैठकीत दर तिमाहीला येते. आणि गावपातळीवरचा आकडा हवाच असेल तर गटसचिवांना विचारा. कुठल्या गावात किती थकीत, किती चालू, कुणाच्या कर्जाचं पुनर्गठन (मुदतवाढ) झालेलं, आमच्या लोकांना तोंडपाठ असतं. माझ्या आख्ख्या नोकरीत कुठल्याही पक्षाच्या जाहीरनामा समितीने एकाही गटसचिवाला बोलावून काही विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. सभेला ट्रॅक्टर किती येतील, हे विचारायला मात्र दर निवडणुकीत फोन यायचे.

तरी वरील मागणीचा पुढील विधानसभेच्या मसुद्यात विचार व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त गटसचिव

सोबत : पीककर्ज मागणी अर्जाचा कोरा नमुना, प्रत एक. सर्व रकाने भरणे आवश्यक.
प्रत माहितीसाठी : मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, मुंबई